चेउंग फन दर वेळी फाटतंय? प्रमाण बदलण्याआधी हे तपासा

घरी चेउंग फन करणाऱ्यांची रड सहसा एकच असते. पान थाळीतून सुटत नाही. सुटलं तर फाटतं. अख्खं निघालंच, तर गुंडाळताना तडकतं. मग दुसरी पाककृती शोधायची, कॉर्नफ्लोअर चमचाभर वाढवायचं, टॅपिओका मागवायचा, पाणी कमी करायचं, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. माझ्या मते यात पिठाच्या प्रमाणाचा दोष क्वचितच असतो. पीठ तळाशी बसतं, वाफ कमी पडते किंवा पान काढायची घाई होते, या तीनपैकी एक काहीतरी असतं. नेमकं काय, ते कळायला दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या: कितवं पान फाटलं आणि कुठे फाटलं.

ज्यांनी हा पदार्थ खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तांदळाचं अगदी पातळ पीठ पसरट भांड्यात ओतून वाफवायचं, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं अर्धपारदर्शक पान खरवडून गुंडाळायचं आणि वरून गोडसर सोया सॉस घालायचा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातला हा सकाळचा नाश्ता. हाँगकाँगच्या चहाघरांत तो कोळंबी, गोमांस किंवा चार सिऊ म्हणजे भाजलेलं गोडसर डुकराचं मांस भरून येतो. रस्त्यावरच्या दुकानांत आत काहीच न भरलेल्या घट्ट सुरळ्या कात्रीने कापून त्यावर गोड सॉस, तिळाचा सॉस, तिखट सॉस आणि भाजलेले तीळ घालतात. सिंगापूर-मलेशियात राहणारे मराठी लोक याच कुळातल्या पदार्थाला ‘ची चाँग फन’ या नावाने ओळखतात. पेनांगमध्ये त्यावर कोळंबीची काळी, दाट पेस्ट असते.

ग्वांगडोंगची राजधानी ग्वांगझूमध्ये तो करायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत वाफेच्या भांड्यावर कापड पसरून त्यावर पीठ ओततात आणि शिजलं की कापड उचलून तेल लावलेल्या ओट्यावर पालथं घालतात. दुसऱ्या पद्धतीत वाफेच्या स्टीलच्या कपाटात खणांसारखे ट्रे सरकवतात आणि मिनिट-दोन मिनिटांत बाहेर ओढतात. कापडातून वाफ खालून थेट पानात शिरते, आणि कपाट दिवसभर धगधगत असतं. आपल्या स्वयंपाकघरात थंड थाळी, झाकणाला साचणारं पाणी आणि दर पानाला उघडलं जाणारं भांडं असतं. निम्म्या अडचणी या फरकातून येतात, पिठातून नाही.

आधी एक प्रमाण धरा आणि ते हलवू नका

साध्या तांदळाची बारीक पिठी १०० ग्रॅम, गव्हाचा स्टार्च २० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल. म्हणजे कोरड्या पिठाच्या अडीच पट पाणी. वाटीने मोजू नका, वजनाने घ्या. पिठी वाटीत किती दाबली जाते यावर सगळा हिशेब बिघडतो. पीठ भिजवून अर्धा तास ठेवा. ते घावनाच्या पिठापेक्षाही पातळ दिसेल, आणि ‘एवढं पातळ कसं चालेल’ म्हणून हात पिठीच्या डब्याकडे जाईल. जाऊ देऊ नका.

गव्हाच्या स्टार्चमुळे पान मऊ आणि काचेसारखं होतं. तो मिळाला नाही तर त्याच्या जागीही कॉर्नफ्लोअरच घाला. पान थोडं कमी पारदर्शक होईल, बाकी काही अडत नाही. घरी कुरडया होत असतील तर दुसरी सोय आहे. गहू भिजवून, वाटून, गाळून जो चीक काढतात, तो खाली बसल्यावर उरतो तो मुख्यतः गव्हाचा स्टार्चच. बारीक फडक्यातून गाळून, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा निवळून वाळवला तर आंबूस वासही राहत नाही. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी मात्र हा घटक वगळावा, आणि सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो हे विसरू नये. साबुदाणा दळून टॅपिओका म्हणून घालू नका. साबुदाणा बनवताना त्याला उष्णता दिलेली असते, त्यामुळे त्याचं पीठ थंड पाण्यातच फुगतं आणि मिश्रण ओतण्याजोगं राहत नाही.

पहिली पानं लिबलिबीत, शेवटची जाड

सगळ्यात जास्त भेटणारी तक्रार हीच, आणि तिचा दोष सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या जागी शोधला जातो. पहिली दोन पानं थाळीत लगदा होतात, म्हणून पिठी वाढवली जाते. मग शेवटची पानं एवढी जाड होतात की दाताखाली गोळा लागतो.

कच्च्या स्टार्चचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तरंगत राहतात, आणि पाण्याहून जड असल्यामुळे मिनिटभरात खाली बसायला लागतात. वरून पळीभर घेतलं की हातात येतं ते पाणी आणि वर चढलेलं तेल. शेवटी उरतो तो खालचा चिखल. एकाच भांड्यातलं पीठ, पण पहिल्या आणि शेवटच्या पानाचं प्रमाण वेगळं.

तेव्हा दर पानाआधी पळी तळाला लावून ढवळायचं. वरवर गोल फिरवून उपयोग नाही. ढवळलं की लगेच ओतायचं. मध्ये फोन घ्यायला गेलात तर परत आल्यावर पुन्हा ढवळायचं.

याहून पक्का उपाय कँटनी, म्हणजे ग्वांगडोंगकडचे, स्वयंपाकीही करतात: थोडं पीठ आधी शिजवून बाकीच्या कच्च्या पिठात मिसळायचं. ३५० पैकी १०० ग्रॅम पाणी बाजूला ठेवा आणि उरलेल्या २५० ग्रॅममध्ये सगळं कालवा. त्यातलं अर्धी वाटी पीठ वेगळ्या भांड्यात घ्या, त्यावर ते १०० ग्रॅम खळखळतं पाणी ओतून जोरात ढवळा. पातळ खळ तयार होईल. नाही झाली तर अर्धा मिनिट मंद गॅसवर धरा. ही खळ बाकीच्या पिठात मिसळली की सगळं मिश्रण किंचित दाट होतं आणि कण अधांतरी टिकतात. इथे बरेच जण उकळतं पाणी सरळ सगळ्या पिठात ओततात. त्याने काही साधत नाही: एवढ्या थंड पिठात ते पाणी मिसळलं की तापमान पन्नास अंशांच्याही खाली राहतं, आणि तांदळाचा स्टार्च साधारण ६५ ते ८० अंशांच्या दरम्यान फुलतो. थोडंसं पीठ आणि भरपूर उकळतं पाणी असंच हवं.

सगळीच पानं चिकटतात

पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान थाळीला धरून बसत असेल तर पिठाला हात लावू नका. तुम्ही पान गरम असताना काढताय.

वाफेतून नुकतं आलेलं पान अजून चिकट लगदाच असतं. थोडं निवलं की त्यातल्या स्टार्चचे लांब धागे एकमेकांत अडकून जाळं धरतात, आणि तेव्हा कुठे पानाला अंग येतं. म्हणून थाळी बाहेर काढली की परातीत थंड पाणी घेऊन त्यावर ठेवा, अर्ध्या ते एक मिनिटभर. कडा आपोआप सुटायला लागतात. पण पाच मिनिटं विसरलात तर उलटं होतं, पान ताठरतं आणि गुंडाळताना तडे जातात.

दोन थाळ्या घ्या. एक वाफेवर, एक गार होत. एकाच थाळीवर करणाऱ्याला घाई होतेच, कारण भांड्यात पाणी उकळत वाट बघत असतं.

तेल कमी नको, तसं जास्तही नको. तेलाचं तळं झालं की पीठ त्यावरून घसरतं आणि मध्ये भोकं पडतात. ब्रशने पातळ थर पुरतो. काढायला प्लास्टिकचा रुंद स्क्रेपर बरा. त्यालाही तेलाचं बोट लावा, जवळजवळ आडवा धरा आणि एका कडेपासून ढकलत न्या. टोकदार सराट्याने उचलायला गेलात तर फाटणारच.

आणि पान सुबक निघालं नाही म्हणून हिरमुसू नका. ग्वांगझूच्या नाश्त्याच्या दुकानांत ट्रेमधलं पान खरवडून, चुरगळूनच ताटलीत येतं, सुरळी नावापुरती. घड्यांमध्ये सॉस छान साचतो. रेखीव सुरळ्या हा चहाघरांचा थाट आहे.

एकाच बाजूला फाटतं

डावी बाजू कागदासारखी पातळ, उजवी जाड. भांड्यातला स्टँड तिरका असतो, शेगडी कललेली असते किंवा थाळीच्या तळाला पोचा असतो. रिकाम्या थाळीत थोडं पाणी ओतून ती भांड्यात ठेवा. पाणी कुठे धावतं ते दिसेल. स्टँडच्या पायाखाली फॉइलची घडी सरकवली की काम झालं. थाळीचा तळच बाकदार असेल तर ती थाळी इतर कामाला घ्या. सपाट तळाचा चौकोनी केक टिन यासाठी सगळ्यात चांगला.

किती ओतायचं हेही इथेच ठरवून टाका. २४ सेंटिमीटर व्यासाच्या थाळीचं क्षेत्रफळ सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर. दीड मिलिमीटर थर हवा तर ७० मिलिलिटरच्या आसपास पीठ लागतं. नजरेने ओतणारे याच्या दीडपट सहज ओततात. खुणेचा एक ग्लास किंवा ठरलेली वाटी ठेवली की सगळी पानं सारखी होतात. ओतल्यावर थाळी दोन्ही बाजूंना झुकवून पीठ पसरवा आणि मगच वाफेवर ठेवा.

मध्ये पांढरा ठिपका, किंवा सगळं पानच पिठूळ

इथे वाफ कमी पडलीय. नीट शिजलेलं पान खडूसारखं पांढरं राहत नाही, ते चकाकतं आणि त्यावर मोठे फुगे येतात. कपाटवाले याच फुग्यांकडे बघून ट्रे ओढतात. फुगे न येता पान बाहेर काढलं तर ते आतून कच्चंच असतं, मग घड्याळ काही सांगो.

भांड्यात किमान चार-पाच सेंटिमीटर पाणी हवं आणि ते खळखळून उकळत हवं. त्याहून दुर्लक्षित कारण म्हणजे थाळीचा आकार. थाळी भांड्याच्या आतल्या घेराएवढीच असेल तर ती झाकणासारखी बसते, वाफ खालीच कोंडते आणि पानाच्या वर पोचतच नाही. चहूबाजूंनी बोटभर फट राहील अशीच थाळी निवडा. मोठ्या मोदकपात्राला साडेसात-आठ इंची थाळी हा ठीक मेळ आहे.

साधं पान दोन मिनिटांत, सारण असलेलं तीन मिनिटांत व्हायला हवं, पण हे मोजायचं झाकण लावल्यावर पुन्हा जोरात वाफ दिसायला लागल्यापासून. जास्त वेळ ठेवलं तर फुगे फुटून पानाला भोकं पडतात.

पानावर गोल खड्डे किंवा पाणथळ डाग दिसले तर ते झाकणावरून गळणारं पाणी आहे. झाकणाला सुती फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून घ्या म्हणजे गॅसला लागणार नाहीत.

दाताला चिकटतं, चिवट लागतं

एवढं सगळं बरोबर असून पान दाताला चिकटत असेल, तर आता पिठीकडे वळा. ही एकच तक्रार खरोखर पिठीची असते.

चेउंग फनला मोकळा शिजणारा लांब दाण्याचा तांदूळ लागतो, आणि तोही जुना. अशा तांदळात अमायलोज हा स्टार्चचा प्रकार जास्त असतो; गार झाल्यावर जाळं धरणारे धागे ते हेच. आपल्याकडे भात आणि उकडीसाठी जो चिकटपणा आवडतो तो इथे आड येतो. इंद्रायणी, आंबेमोहोर, नवा तांदूळ, हे सगळे बाजूला ठेवा. मोदकाची तयार पिठी अनेकदा आंबेमोहोराची असते, तीही नको. जुना कोलम किंवा साधा लांब दाण्याचा तांदूळ चालतो. परदेशात असाल तर आशियाई दुकानातली थाई पिठी उत्तम. तीन डोक्यांच्या हत्तीचं चित्र असलेल्या पिशव्यांपैकी लाल अक्षरांची साध्या तांदळाची आणि हिरव्या अक्षरांची चिकट तांदळाची. हिरवी घेतलीत तर कुठलंही तंत्र वाचवणार नाही.

चकलीसाठी दळून आणलेली पिठी रवाळ असते. तिचं पान खरबरीत होतं आणि ती पाण्यात लवकर बसते. त्यापेक्षा तांदूळ रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये वाटा. ग्वांगडोंगमधली नावाजलेली दुकानं दगडी जात्यावर ओलं वाटलेल्या पिठाची जाहिरात करतात ती उगाच नाही. ओल्या वाटणात स्टार्चचे कण कमी फुटतात आणि पान गुळगुळीत होतं. २०० ग्रॅम तांदळाला एकूण साधारण ४०० ग्रॅम पाणी, त्यात भिजताना शोषलेलं पाणीही धरा. म्हणजे भिजलेला तांदूळ निथळून वजन करा आणि वाटताना पाणी घालून एकूण ६०० ग्रॅम करा. मिक्सर तापतो, म्हणून पाणी बर्फाचं घ्या, थांबत थांबत वाटा आणि बारीक गाळणीतून गाळा. या पिठाचं पान पिठीच्या पानापेक्षा जरा कमी पारदर्शक पण तांदळाच्या चवीचं होतं. मला हेच जास्त आवडतं.

सारण घातलं की बिघडतं

साधी पानं जमतात आणि कोळंबी घातली की भोक पडतं, कारण जड सारण पातळ पीठ बाजूला सारून थेट थाळीवर बसतं. आधी पीठ अर्धा-पाऊण मिनिट वाफवून वरचा थर धरू द्या, मग सारण एका ओळीत ठेवा आणि पुन्हा झाकण लावा. कोळंबी फडक्याने अगदी कोरडी करा आणि मीठ, पांढरी मिरी, थोडं कॉर्नफ्लोअर आणि भाजलेल्या तिळाच्या तेलाचे दोन-तीन थेंब चोळून ठेवा. आपलं साधं तिळाचं तेल इथे चालत नाही, त्याला तो वास नसतो. कोळंबी मोठी असेल तर आधीच अर्धवट शिजवून घ्या, नाहीतर तिच्यासाठी पान ताटकळतं.

हाँगकाँगमध्ये सुक्या कोळंबीचं आणि पातीच्या कांद्याचं चेउंग फन असतं. कोकणातल्या लोकांना त्याचं सामान शोधायला नको: सोडे कोमट पाण्यात भिजवून, पिळून, बारीक चिरून ओतलेल्या पिठावर भुरभुरायचे. हलके असल्यामुळे भोक पाडत नाहीत. पिठातलं मीठ तेवढं कमी करा. शाकाहारी मंडळींसाठी परतून कोरडे केलेले मशरूम बरे. कच्ची पालेभाजी पाणी सोडते. आणि ग्वांगडोंगचाच एक जुना प्रकार म्हणजे तळलेल्या मैद्याच्या कांडीभोवती हे पान गुंडाळायचं. बाहेर मऊ, आत कुरकुरीत. तिथे पान आधी वेगळं शिजवून काढतात, त्यामुळे भोकाचा प्रश्नच येत नाही.

सॉस

फार बोलण्यासारखं नाही. फिकट सोया सॉस तीन चमचे, पाणी तीन चमचे, साखर दीड चमचा, एक उकळी. तेलात पातीचा कांदा परतून ते तेल वर. गडद सोया सॉस एकटाच वापरलात तर कडवट आणि खारट होणार. तो रंगापुरता थेंबभर. पानाला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून सॉस गोडसर आणि भरपूर हवा.

उरलेलं कडक होतं

होणारच. गार झाल्यावर स्टार्चचे धागे आणखी जवळ येतात आणि पाणी बाहेर ढकलतात. फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं. मायक्रोवेव्हमध्ये उघडं ठेवलं तर कडा चामड्यासारख्या होतात. दोन-तीन मिनिटं वाफवलं तर बरंच परत मऊ होतं. कच्चं पीठ फ्रिजमध्ये दिवसभर सहज टिकतं, त्यामुळे माणसं येणार असतील तर पानं आधी करून ठेवू नका, पीठ ठेवा.

तरीही उरलीच, तर हाँगकाँगच्या चहाघरांत हेच कडकपण कामाला लावतात. साध्या सुरळ्या थंड असतानाच दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे कापून एक्सओ सॉसमध्ये परततात. हा सॉस सुके स्कॅलप, सुकी कोळंबी आणि मिरचीचा. घरी लसूण, सुकी मिरची आणि थोडे भिजवलेले सोडे तेलात परतून काम भागतं. तवा चांगला तापू द्या, तुकडे पसरून ठेवा आणि खालून तांबूस पापुद्रा धरेपर्यंत हलवू नका. ताजी पानं यासाठी घेतलीत तर तव्यावर त्यांचा गोळा होईल.